पायथ्याशी पाणी येते, धरण फुटेल का?

प्रश्न सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या उपसरपंच ताईंचा आहे. तो थोडक्यात असा: "आमच्या वाडीच्या वर साधारण वीस वर्षांपूर्वीचे मातीचे धरण आहे, उंची बारा-तेरा मीटर. धरण झाल्यापासून ओढ्याचा पूर थांबला, म्हणून लोकांनी ओढ्याकाठी घरे-गोठे बांधले. गेली दोन वर्षे धरणाच्या पायथ्याशी पाणी येते. साहेब म्हणतात, झिरपा असतोच. तिवरे धरण फुटल्यापासून पावसाळ्यात झोप लागत नाही. खेकड्यांमुळे धरण फुटते का? आम्ही काय तपासायचे, आणि घर सोडायची वेळ आली हे कसे ओळखायचे?"

ताई, पायथ्याशी पाणी येते एवढ्यावरून धरण धोक्यात आहे असे म्हणता येत नाही. पण झिरपा असतोच, एवढ्यावरून ते सुरक्षित आहे असेही म्हणता येत नाही. साहेबांचे वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. पाणी नेमके कुठून येते, किती येते, वर्षागणिक वाढते आहे का आणि त्यात माती आहे का, हे उरलेले अर्धे. याची उत्तरे कुठल्याही वहीत नसतील तर तुमच्या धरणाची प्रकृती आज कोणालाच ठाऊक नाही, तुम्हाला नाही आणि खात्यालाही नाही. लघु पाटबंधाऱ्यांच्या कामात माझी सगळी नोकरी गेली. त्यावरून सांगतो, मातीचे धरण फुटायच्या आधी बहुधा खुणा देते. त्या कोणी मोजून, तारीख घालून लिहिलेल्या नसतात, म्हणून तक्रार ही नुसती तक्रारच राहते आणि पावसाळा येऊन ठेपतो.

आधी आतली रचना समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. भरावाच्या मधोमध चिकण मातीचा गाभा असतो, आम्ही त्याला हार्टिंग म्हणतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरुमाचे केसिंग. गाभ्याच्या खाली कठीण थरापर्यंत खणून चिकण मातीने भरलेला चर, म्हणजे सीओटी. पाण्याकडच्या उतारावर दगडांचे पिचिंग आणि गावाकडच्या पायथ्याशी दगडांचा रॉक टो. गाभा पाणी शंभर टक्के अडवत नाही, त्याचा जोर कमी करतो. जे थोडे पार होते ते वाळू-खडीच्या गाळणीतून रॉक टोमध्ये उतरते आणि पायथ्याच्या चरातून ओढ्याला मिळते. हे पाणी स्वच्छ असते. तलाव भरला की वाढते, उतरला की कमी होते. असे पाणी दिसले तर घाबरायचे कारण नाही, गाळणी आपले काम करते आहे.

बिघाड वेगळ्या प्रकारे सुरू होतो. पाण्याला गाळणी नसलेली एखादी वाट सापडते: नीट न दाबलेला थर, सडलेले मूळ, पाइपाच्या कडेची फट. तिथून पाणी मातीचे कण घेऊन बाहेर पडते. कण गेला की जागा मोकळी होते, वेग वाढतो, पुढचा कण सुटतो, आणि बाहेरच्या तोंडापासून तलावाच्या दिशेने आत बोगदा सरकत जातो. याला आम्ही पायपिंग म्हणतो. तो तलावाच्या पाण्याला जाऊन मिळाला की मग तासांचा हिशोब राहतो. अमेरिकेत आयडाहो राज्यात टीटन नावाचे नव्वद मीटरहून उंच मातीचे धरण ५ जून १९७६ रोजी असेच गेले. सकाळी साडेसातच्या सुमारास गढूळ गळती दिसली, छिद्र बुजवायला बुलडोझर पाठवले, ते बुलडोझरच भगदाडात ओढले गेले आणि दुपारचे बारा वाजायच्या आत माथा कोसळला. एवढ्या मोठ्या, अभियंते हजर असलेल्या धरणाला साडेचार तास पुरले. बारा मीटरच्या भरावाला त्याहून कमी वेळ लागू शकतो, म्हणून गढूळ पाणी दिसल्यावर 'उद्या बघू' म्हणायचे नाही.

आता तपासणीकडे. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, पायथ्याच्या चरातले पाणी भरा, कागद चिकटवून तारीख आणि तलावाची पातळी लिहा आणि बाटली न हलवता दोन-तीन तास ठेवा. तळाशी माती बसली का ते बघा. बाटल्या फेकू नका. ग्रामपंचायतीच्या कपाटात ओळीने ठेवल्या की ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा फरक कोणालाही डोळ्यांनी दिसतो, आणि बैठकीत अशी बाटली टेबलावर ठेवली तर वाद फार लांबत नाही.

पाणी किती येते ते मोजायला व्ही-नॉच लावतात. लोखंडी पत्र्याला वरच्या कडेतून काटकोनात इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कापायची, पत्रा चरात प्रवाहाला आडवा उभा करायचा, कडेने व तळाने पाणी जाणार नाही असा सिमेंटने बसवायचा. सगळे पाणी खाचेतून पडले पाहिजे. पत्र्याच्या मागे दीड-दोन हात अंतरावर पट्टी रोवून, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लीटर पाणी जाते. १० सेंटीमीटर झाली तर जवळजवळ साडेचार लीटर. म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढते. 'थोडेसेच वाढले आहे' असे जे डोळ्यांना वाटते, ते बऱ्याचदा थोडेसे नसते. नॉच बसेपर्यंत बादली आणि मोबाइलमधले घड्याळ चालेल: १५ लीटरची बादली २० सेकंदांत भरली, तर तेही पाऊण लीटरच.

मोजायची वेळ मात्र नीट निवडा. माझा या बाबतीत खात्यातल्या लोकांशीही नेहमी वाद होतो. पाहणीचा सगळा भर मे महिन्यावर असतो, कारण अहवाल पावसाळ्यापूर्वीचा हवा असतो. मे महिन्यात तलाव तळाला गेलेला असतो. पाण्याचा दाब नाही तर गळती कशी दिसणार? पायथा कोरडा दिसतो आणि 'गळती आढळून आली नाही' असे प्रामाणिकपणे लिहिले जाते. भर पावसात उलटा घोळ होतो: डोंगरावरून वाहून आलेले लाल पाणी चरात मिसळते आणि गढूळ पाणी भरावातून आले की बाजूच्या उतारावरून, हे सांगता येत नाही. गळती पाहायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तलाव काठोकाठ, पाऊस थांबलेला, आभाळ मोकळे. या दोन महिन्यांत आठवड्याला एक नोंद ठेवा आणि नोंदीच्या शेजारी तलावाची पातळी लिहायला विसरू नका. पातळी तीच असताना पाणी वाढत असेल, किंवा पातळी उतरूनही पाणी कमी होत नसेल, तर त्या नोंदीची प्रत घेऊन त्याच दिवशी उपविभागीय कार्यालय गाठा.

मे महिन्याची पाहणी वाया जात नाही, ती वेगळ्या गोष्टींसाठी. तेव्हा पाण्याकडचे पिचिंग उघडे पडते. लाटांनी दगड निसटले आहेत का, कोणी कुंपणासाठी उचलून नेले आहेत का, ते दिसते. मे महिन्यातही पायथ्याजवळ एखादा हिरवागार पट्टा असेल, तिथे लव्हाळा किंवा पाणकणीस वाढले असेल, तर त्या जागेवर खुंटी ठोकून खूण करा. भरावाच्या उतारावर, रॉक टोच्या बरेच वर असा ओला पट्टा असेल तर जास्त गंभीर, कारण पाणी गाळणी चुकवून बाहेर येते आहे. माथ्यावर एका टोकाला उभे राहून कडेला रोवलेल्या दगडांच्या, म्हणजे गार्ड स्टोनच्या, ओळीवरून नजर टाका. ओळ मध्येच खाली बसलेली किंवा बाहेर फुगलेली दिसली तर भराव हलला आहे. शंका असेल तर गवंडी वापरतो ती पाण्याची लेव्हल नळी आणा आणि माथा सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या, तुलनेत कुठे किती उंच आहे ते दर पंचवीस-तीस मीटरवर मोजा. ट्रॅक्टर आणि गुरांच्या येण्याजाण्याने माथ्याला एखादा खोलगट भाग पडतोच. कागदावर माथा कितीही उंच असो, प्रत्यक्षात धरणाची उंची त्या सर्वांत खोल जागेइतकीच.

माथ्यावर भेगा दिसल्या तर दिशा बघा. माथ्याच्या लांबीने जाणारी भेग उतार घसरत असल्याचे सांगते. माथ्याला आडवी, म्हणजे तलावाकडून गावाकडे जाणारी भेग त्याहून वाईट, कारण पाण्याला ती सरळ वाट देते. देशावरच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात वरवरच्या भेगा पडतातच, कोकणच्या मातीत त्या मानाने कमी. भेग किती खोल गेली ते कळायला आम्ही तिच्यात पातळ चुना ओततो आणि शेजारी खड्डा खणत जातो. पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेग संपते. हे काम खात्याकडून करून घ्या, गावाने भरावात खड्डे खणू नयेत.

विमोचक, म्हणजे पाणी सोडायची विहीर आणि तिच्यातून भरावाखालून जाणारा पाइप, ही मातीच्या धरणातली सर्वांत नाजूक जागा. पाइपाच्या कडेला माती यंत्राने दाबता येत नाही, तिथे काम हातानेच करावे लागते. पाइपातून पाणी येणे वेगळे आणि पाइपाच्या बाहेरच्या कडेने येणे वेगळे. दुसरे दिसले तर गंभीर समजा. पानशेतचे धरण फार मोठे होते आणि तुमच्या तलावाशी त्याची बरोबरी नाही, पण १२ जुलै १९६१ ला त्याचाही घात याच जागी झाला: विमोचकाचे काम अपुरे असताना तलाव भरला, मोरीवरचा भराव खचत गेला आणि पाणी माथ्यावरून गेले. पुढे ते पाणी खडकवासल्याची भिंत फोडून पुण्यात शिरले. तुमच्या गावात विमोचकाचे गेट शेवटचे पूर्ण उघडून-मिटून कधी पाहिले, ते विचारा. गंजून अडकलेले गेट म्हणजे अडचणीच्या वेळी तलाव उतरवायची सोयच नाही.

आता ज्याकडे गाव आणि खाते दोघांचेही सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी, म्हणजे सांडवा. लोक गळतीला घाबरतात. पण दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेले तरी ते बहुतेक वेळा टिकते, मातीचे धरण टिकत नाही. माथ्यावरून हातभर पाणी काही काळ वाहिले तरी गावाकडचा उतार खरवडत जातो आणि धरण संपते. गुजरातेत मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असेच गेले. संकल्पात, म्हणजे धरणाच्या आखणीत, धरलेल्या पुराच्या सुमारे तिप्पट पाणी आले, दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि खालचे मोरबी शहर पाण्याखाली गेले.

तुमच्या आकाराच्या धरणाचा हिशोब मांडून दाखवतो. समजा पाणलोट ५ चौरस किलोमीटर आहे. तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला, घाटमाथ्याला हे काही अशक्य नाही, आणि त्यातला ८० टक्के वाहून आला, तर ४ लाख घनमीटर पाणी झाले. तीन तासांची सरासरी काढली तर सेकंदाला ३७ घनमीटर. सांडव्याची लांबी २० मीटर असेल आणि त्यावरून १.२ मीटर उंचीने पाणी जाऊ शकत असेल, तर तो सेकंदाला साधारण ४५ घनमीटर वाहून नेतो. निभावले. आता उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून कोणी सांडव्यावर दोन फुटी भिंत घातली किंवा गोण्या रचल्या. माथा आहे तिथेच आहे, म्हणजे पाण्याला उरले फक्त ०.६ मीटर. लोकांना वाटते की क्षमता निम्मी झाली असेल. ती होते सेकंदाला सुमारे १६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. बाकीचे पाणी माथ्यावरून जाणार. त्या दोन फुटांत साठलेले पाणी कितीही गोड वाटले तरी गावाच्या डोक्यावर टांगलेले असते, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगा.

हीच गोष्ट मासेमारीच्या जाळीची. मासे सांडव्यावरून निसटू नयेत म्हणून ठेकेदार जाळी लावतो. पहिल्या पुरात तिच्यात पालापाचोळा, घाणेरीच्या काटक्या अडकतात आणि जाळीची भिंत होते. ठेक्याच्या करारातच जून ते सप्टेंबर सांडव्यावर जाळी लावायची नाही, ही अट घाला. सांडव्याखालचा नालाही पाहा. तो गाळाने, दगडांनी भरला असेल किंवा वळून भरावाच्या पायथ्याला घासत असेल, तर मे महिन्यातच जेसीबी लावून मोकळा करून घ्या. धरणाच्या सगळ्या दुरुस्त्यांत एवढी स्वस्त आणि एवढी जीव वाचवणारी दुसरी दुरुस्ती नाही.

सांडवा मोकळा असला तरी त्याची मर्यादा ठाऊक असू द्या. भारतीय मानकाप्रमाणे लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. ऐकायला हे फार निर्धास्त वाटते. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के भरते. खाली घरे नसतील तर हा हिशोब चालतो. तुमच्या ओढ्याकाठी आता घरे आहेत. धरण आखले तेव्हा ती नव्हती. म्हणून खात्याला पत्र लिहाल तेव्हा हे पहिल्या परिच्छेदात लिहा: संकल्पाच्या वेळी नसलेली इतकी घरे आज पुराच्या वाटेत आहेत, सांडव्याची क्षमता नव्याने तपासावी.

या घरांबद्दल थोडे कडू बोलावे लागेल. तुमचे धरण पूर थांबवते, हे जूनमध्ये खरे आहे. तलाव रिकामा असतो, पहिले मोठे पाऊस तो पोटात घेतो आणि ओढा शांत वाहतो. ऑगस्टमध्ये तलाव भरलेला असतो. तेव्हा वरून येईल ते पाणी थोडे उशिराने, थोडे पसरून, पण जवळजवळ सगळेच सांडव्यावरून खाली जाते. काही वर्षे बरी गेली म्हणून ओढ्याचे जुने पात्र कोरडी जमीन समजून बांधकामे होतात. अशी प्रत्येक नवी भिंत, धरण आहे तेवढेच असताना धोका वाढवते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले तेव्हा खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. साठा होता साधारण २.४५ दशलक्ष घनमीटर. मोठ्या धरणांच्या यादीत हा आकडा नगण्य, खालच्या वाडीसाठी तो नव्हता. गळतीची तक्रार तिथल्या ग्रामस्थांनी आधीपासून केलेली होती.

तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरण खेकड्यांमुळे फुटल्याचे म्हटले, म्हणून तुमच्यासारख्या अनेकांच्या मनात तो प्रश्न बसला आहे. खेकडे बिळे करतात, हे खरे. कोकणात भरावाच्या पाण्यालगतच्या भागात ती दिसतात. उंदीर, घुशी आणि साळिंदर त्याहून खोल पोखरतात. पण नीट दाबलेला गाभा आणि त्यामागे नीट घातलेली गाळणी असेल, तर उतारावरची बिळे धरण फोडत नाहीत. बिळे फोडतात तो भुसभुशीत राहिलेला, गाळणी नसलेला भराव, आणि तोही वर्षानुवर्षे कोणी न पाहिल्यावर. शिवाय बिळे एका रात्रीत होत नाहीत. दरवर्षी गवत कापून उतार पाहिला, दिसले ते बीळ खणून चिकण मातीने थरावर थर दाबून बुजवले, तर खेकड्याचा प्रश्न तिथेच संपतो. खेकड्याला जबाबदार धरले की कंत्राटदार, पर्यवेक्षण आणि देखभाल या तिघांचीही चौकशी टळते, म्हणून हे उत्तर मला मान्य नाही.

झाडांबद्दल दोन शब्द. भरावावर बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी अजिबात नको. रोपटी असतील तर दरवर्षी उपटा. मोठे झाड असेल तर मात्र घाईने मुळासकट उखडू नका. तो खड्डा कसा भरायचा हे अभियंत्याने ठरवावे, तलाव उतरलेला असताना.

गढूळ गळती दिसली तर गाव काय करते? चिखल आणून तोंड बुजवते. हे करू नका. बाहेरचे तोंड बंद केले की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा वरून फुटते. पाणी येऊ द्यायचे, माती अडवायची. त्यासाठी तोंडावर आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगड, असे थर देतात. हे तात्पुरते काम आहे, अभियंता येईपर्यंतचे. दरवर्षी मे महिन्यात दोन ब्रास वाळू-खडी आणि दोन-तीनशे रिकाम्या गोण्या धरणाजवळ उंच जागी ठेवून घ्या. भर पावसात, रात्री, चिखलातून ट्रक तिथपर्यंत पोहोचत नाही.

तलाव आधीच उतरवून ठेवावा का, असेही गावात बोलले जात असेल. गळती संशयास्पद असेल तर हो, पातळी कमी ठेवून पावसाळा काढणे हा सर्वांत शहाणपणाचा तात्पुरता उपाय आहे. फक्त उतरवताना घाई नको. पाणी झपाट्याने उतरले तर पाण्याकडचा भिजलेला उतार आधार गेल्यामुळे घसरतो. साधारण दिवसाला फूटभर हा बेताचा वेग. जीवावर बेतलेले असेल तर गोष्ट वेगळी. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये मोठी गळती लागली. तिथे खालची गावे रिकामी केली, बाजूने चर खोदून पाणी काढून दिले. धरणाचे नुकसान झाले, माणसे वाचली. निर्णय वेळेत झाला की असे होते.

कागदाची बाजू. आपल्या राज्यात २,३०० हून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांच्या खाली, गणतीत न येणारे असंख्य लहान तलाव. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे. १५ मीटरहून उंच धरणे त्यात येतातच. १० ते १५ मीटरमधली तेव्हा येतात, जेव्हा साठा किमान १० लाख घनमीटर असेल, किंवा माथ्याची लांबी किमान ५०० मीटर असेल, किंवा पुराचा विसर्ग, पाया अथवा रचना यांबाबतच्या ठरावीक अटी लागू होत असतील. तुमचे धरण बारा-तेरा मीटरचे, म्हणून साठ्याचा आकडा आधी मिळवा. कायद्यात बसत असेल तर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षात दोनदा पाहणी, शिवाय मोठ्या पुरानंतर पाहणी, आणि आपत्कालीन कृती आराखडा हे मालक खात्यावर बंधनकारक आहे. बसत नसेल तर कायद्याचे हे बंधन नाही, आणि अशाच तलावांची मला जास्त काळजी वाटते.

मालक कोण, हे आधी लेखी विचारा: जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण विभाग की जलसंपदा. योजना या खात्यातून त्या खात्यात हस्तांतरित झालेल्या असतात आणि पत्रे चुकीच्या टेबलावर पडून राहतात. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: धरणाचा आडवा छेद आणि सांडव्याचा नकाशा, गेल्या पाच वर्षांचे पाहणी अहवाल, आणि दुरुस्तीच्या प्रस्तावाची सद्यस्थिती. ग्रामसभेचा ठराव करून प्रत कार्यकारी अभियंता, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी या तिघांनाही द्या. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांना पोहोच घेऊन दिलेल्या पत्राला वजन असते. पत्राला नॉचच्या नोंदी आणि फोटो जोडा. 'गळती होत आहे' या वाक्याला जे उत्तर येते, ते '१४ ऑक्टोबरला ४ सेंटीमीटर, ११ नोव्हेंबरला तीच पातळी असताना ७ सेंटीमीटर' या वाक्याला देता येत नाही. या दोन आकड्यांत पाणी चौपट झालेले असते, आणि ते कोणत्याही अभियंत्याला न सांगता कळते.

शेवटचा प्रश्न, घर कधी सोडायचे. हे पावसाळ्याआधी, उजेडात, शांतपणे ठरवा. सांडव्याच्या बाजूच्या भिंतीवर रंगाने पिवळा आणि लाल असे दोन पट्टे मारून घ्या. पाणी पिवळ्या पट्ट्याला आले की धरणावर माणूस बसवायचा, तासाला एकदा पायथा आणि माथा पाहायचा. माथा गाठायला दीड-दोन फूट उरले तिथे लाल पट्टा. लाल पट्ट्याला पाणी आले की ओढ्याकाठची घरे रिकामी, कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता. पातळी काहीही असो, पुढचे काही दिसले तरी हाच नियम: पायथ्याचे पाणी गढूळ झाले किंवा अचानक वाढले, तलावाच्या पाण्यात भरावाजवळ भोवरा दिसला, माथा खचला, उतार सरकला किंवा ताजी भेग पडली. यातले एक पुरे.

धरणावर बसणाऱ्या दोघांना ग्रामपंचायतीने मानधन, बॅटरी, रेनकोट आणि काठी द्यावी. फुकटच्या राखणीवर जीव सोपवू नये. घाटाखाली पावसात मोबाइलला रेंज राहत नाही, म्हणून देवळाच्या भोंग्याला बॅटरी ठेवा आणि ढोलाचा एक ठरलेला ठेका वाडीला आधीच ऐकवून ठेवा. पहिला फोन जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर, दुसरा तहसीलदारांना, तिसरा शाखा अभियंत्याला. फोन करणारा आणि लोकांना उठवणारा वेगवेगळा माणूस हवा. जायची वाट ओढा ओलांडून जाणारी नको, भले जवळची असेल. म्हाताऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, त्यांची नावे घरागणिक लिहून शाळेच्या भिंतीवर लावा. गुरांची दावी सोडून द्या, त्यांना हाकत बसू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊनंतर एकदा ही तालीम करा आणि शेवटचे घर उंचावर पोहोचायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. वेळ जास्त लागत असेल तर लाल पट्टा तेवढा खाली आणा.